अंपायरच्या नजरेची कड

मित्रांनो, मी ज्या खोलीत राहतो तिला खिडकी नाही. भिंती काळ्या रंगवलेल्या आहेत आणि दाराला जाड पडदा आहे. म्हणून माझी कीव करू नका. अंधार हा माझ्या कामाचाच भाग आहे. मी डोळ्यांच्या दवाखान्यातले एक जुने यंत्र आहे. माणसाला समोर किती दिसते हे भिंतीवरची अक्षरे सांगतात. कडेला किती दिसते हे मी सांगतो. पुस्तकात माझे नाव लांबलचक आहे. नजरेच्या आवाक्याला डॉक्टर 'फील्ड' म्हणतात, म्हणून भिवंडीत मला सगळे 'फील्डची मशीन' म्हणतात.

माझ्याकडे पाहिलेत तर तुम्हाला एक मोठी पांढरी वाटी आडवी धरल्यासारखी दिसेल. तिच्या तोंडाशी हनुवटी टेकवायला जागा आहे आणि कपाळाला पट्टा आहे. माणसाने एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने वाटीच्या मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहत राहायचे. मग मी कधी वर, कधी खाली, कधी अगदी काठाला बारीक दिवे लावतो. दिवा दिसला की हातातले बटण दाबायचे. शेवटी मी कागदावर एक नकाशा छापतो. दिसते तिथे पांढरे, दिसत नाही तिथे काळे.

माझा जन्म परदेशात झाला. सुरुवातीची वर्षे मी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात काढली. तिथे माझ्याहून हुशार यंत्र आले आणि मला विकायला काढले. डोळ्यांच्या डॉक्टर मृणालीमॅडमनी तेव्हा भिवंडीत नुकताच दवाखाना थाटला होता. त्या मला घेऊन आल्या. टेम्पोतल्या त्या प्रवासात माझा एक आरसा जागचा हलला, तो बसवायला माणूस बोलवावा लागला. दवाखान्याच्या खालीच कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालत. त्यांच्या दणक्याने माझी हनुवटीची पट्टीसुद्धा थरथरायची. एक म्हातारे कामगार पहिल्याच दिवशी लूमच्या ठेक्यावर बटण दाबत बसले. "चाचा, बत्ती दिखे तो दबाना, ताल मत पकडो," असे मला चालवणारा भाविक त्यांना सांगत होता. पुढे काचबिंदूच्या कितीतरी रुग्णांची नजर वेळेत वाचली आणि माझे नाव झाले. कल्याणहून, वाड्याहून माणसे येऊ लागली. मॅडम आल्यागेल्याला कौतुकाने म्हणायच्या, "आपल्याकडे फील्डची मशीन आहे."

अशाच चांगल्या दिवसांत केसरीनाथ माझ्यासमोर येऊन बसले.

ते जवळच्याच राहनाळ गावचे. पन्नाशी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे गृहस्थ. वडिलोपार्जित शेतावर आता गोदामे उभी होती, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. पण गावात त्यांना कोणी गोदामांवरून ओळखत नसे. ते अंपायर होते. खाडीकाठच्या गावांत हिवाळ्यापासून टेनिस चेंडूचे सामने रंगतात, आणि फायनलला केसरीनाथ उभे असले की हरणारा संघही कुरकुर न करता घरी जातो, अशी त्यांची ख्याती होती. हे मला भाविकने सांगितले. तो स्वतः रविवारी खेळायचा.

एका सामन्यात सरळ मारलेला चेंडू केसरीनाथांच्या कानशिलावर बसला. टेनिसचा चेंडू तो, त्याने काय होणार? पण मुलगा दीपेश घाबरला आणि त्याने वडिलांच्या डोक्याचा एमआरआय काढून घेतला. चेंडूने काहीच झाले नव्हते. मात्र नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी, पीयूष ग्रंथीला लागून पाण्याने भरलेली एक छोटी गाठ दिसली.

त्या दिवशी माझ्या खोलीत चौघे जण उभे होते. मॅडम, केसरीनाथ, दीपेश, आणि केसरीनाथांची थोरली बहीण आक्का. आक्का विधवा होत्या आणि भावाच्याच घरी राहत. भावाला डॉक्टरकडे एकटे सोडायला त्या तयार नव्हत्या.

"ही कॅन्सरची गाठ नाही," मॅडम म्हणाल्या. "आईच्या पोटात असताना आपली ही ग्रंथी तयार होते ना, तेव्हाची एक फट कधी कधी बुजायची राहते. तिच्यात पाणी साठतं. कित्येकांना असते, त्यांना आयुष्यभर कळतही नाही."

"पण आता आपल्याला कळलंय ना, मॅडम," दीपेश म्हणाला. "ठाण्याचे सर्जन म्हणाले, काढून टाका. मुंबईचे म्हणाले, थांबा. मी म्हणतो, काढून मोकळं व्हावं."

"डोकं फोडायचं न्हाय," आक्का ठामपणे म्हणाल्या.

"डोकं नाही फोडत, आक्का. नाकातून जातात. पण जाताना शेजारच्या ग्रंथीला धक्का लागू शकतो. ती वाटाण्याएवढी असते, आणि अंगातल्या निम्म्या गोष्टी तिच्या हुकमावर चालतात. यांचं रक्त ठीक आहे, डोकं दुखत नाही. जी गाठ कोणाला त्रास देत नाही, तिला आपण होऊन कशाला डिवचायचं?"

केसरीनाथ पुढे सरकले. ते म्हणाले, "मॅडम, मना एक सांगा. बॅट्समन एक तर आउट हाय, न्हाय तर नॉट आउट हाय. ह्यो मधला निकाल कुठला?"

"हा निकाल नाही. सामना चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "त्या गाठीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. गाठ वाढली तर त्या दाबल्या जातील, आणि आधी दोन्ही कडांचं दिसेनासं होईल. तुम्हाला ते कळणार नाही. या मशीनला कळेल. म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं."

"फील्डची मशीन ना?" केसरीनाथांनी माझ्या वाटीत डोकावून पाहिले. "मंग बरोबर जागी आयलो."

पहिला नकाशा स्वच्छ निघाला. दोन्ही डोळे पांढरेशुभ्र.

पण मित्रांनो, थांबणे सगळ्यांना जमत नाही. पहिल्या वर्षी केसरीनाथ फार अस्वस्थ होते. सहा महिन्यांची वाट न पाहता ते मधूनच यायचे आणि भाविकला म्हणायचे, "लाव जरा." रात्री झोप येत नाही, कुशीवर वळले की गाठ हलल्यासारखी वाटते, असे ते सांगायचे. ती हलत नव्हती. एकदा तर त्यांनी मॅडमना हात जोडले. "काढून टाका ना. मी सही देतो." मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवून पहिला आणि आताचा एमआरआय शेजारी लावून दाखवला. गाठ होती तेवढीच होती. मग हळूहळू त्यांची भीती ओसरली. दुसऱ्या वर्षी ते ठरल्या दिवशीच येऊ लागले. तिसऱ्या वर्षी आठवण करायला फोन करावा लागला. मी त्यांच्या हनुवटीचे वजन ओळखू लागलो होतो. आधी ती पट्टीवर दगडासारखी रुतायची, आता सैल टेकायची.

त्याच तिसऱ्या वर्षी नकाशात काही तरी उमटले. उजव्या डोळ्याच्या उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात करडी झाक, आणि डाव्या डोळ्याच्या डावीकडे अगदी पुसट तशीच. मॅडमनी कागद दोनदा पाहिला आणि एमआरआय लगेच करायला सांगितला. गाठ वाढली होती. मुंबईचे सर्जन, जे आजवर थांबा म्हणत होते, तेच म्हणाले की आता काढूया.

आणि आता केसरीनाथ नको म्हणू लागले.

"हंगाम संपू द्या," ते म्हणाले. हंगाम संपला. मग घरातले लग्न आले. मग पाऊस आला. फोन केला की "येतो, येतो" म्हणायचे. शेवटी दिवाळीच्या आधी दीपेश आणि आक्का त्यांना जवळजवळ धरूनच घेऊन आले.

"पप्पा, टेस्ट तरी करा," दीपेश म्हणत होता.

"टेस्ट बरोबर आयली तर ऑपरेशन न्हाय. कबूल?"

"ते डॉक्टर ठरवतील."

"कबूल काय, ते सांग."

दीपेशचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. भाविकने त्यांचा डावा डोळा झाकला, बटण हातात दिले आणि पडदा ओढला.

आता माझी एक खोड तुम्हाला सांगितली पाहिजे. दिवा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना माझ्या पोटात बारीक 'टिक' असा आवाज होतो. काही माणसे दिव्याची वाट न पाहता त्या आवाजावरच बटण दाबतात. माझ्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून अधूनमधून मी नुसता टिक करतो आणि दिवा लावतच नाही. तेव्हाही बटण दाबले गेले तर मी ते नोंदवून ठेवतो.

केसरीनाथांचा हात त्या दिवशी सुरेख चालला. टिक, बटण. टिक, बटण. षटकातले चेंडू मोजणाऱ्या माणसाला ठेका पकडणे अवघड नव्हते. मी काठाला दिवा लावला, बटण दाबले गेले. मी वरच्या कोपऱ्यात लावला, दाबले गेले. मी काहीच लावले नाही, तरीही दाबले गेले. दोन्ही डोळ्यांचा नकाशा इतका पांढरा निघाला की तसा विशीतल्या मुलाचाही निघत नाही. त्याच्याखाली मी छापले की ही तपासणी विश्वास ठेवण्याजोगी नाही.

भाविकने कागद वाचला. दीपेश बाहेर फोनवर होता. खोलीत भाविक, केसरीनाथ आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर आक्का एवढेच होते.

"काका," भाविक हळू आवाजात म्हणाला, "बत्ती नव्हती तेव्हापण दाबलंत तुम्ही."

"तुजी मशीन जुनी झायली."

"मशीन जुनी आहे. पण खोटं नाही बोलत."

"म्हंजे मी बोलतो?"

भाविकने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "काका, खारबावच्या सेमीफायनलला तुम्ही मला रनआउट दिलंत. माझी बॅट क्रीजच्या आत होती. सगळ्या ग्राउंडनं बघितलं. कोणी काही बोललं नाही, कारण निकाल तुम्ही दिला होता. मी पण नाही बोललो. मला वाटलं, काकांचं लक्ष नसेल. आता कळतंय, तुम्हाला त्या बाजूचं दिसलंच नव्हतं."

केसरीनाथांनी कपाळ माझ्या पट्ट्यावरून काढले नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आक्का स्टुलावरून उठल्या. मुंबईच्या डॉक्टरांचे नाव काढले तरी देवाला हात जोडणारी ही बाई ऑपरेशनच्या विरोधातच बोलणार, असे मला वाटले. त्या भावाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"केसरी, जेवताना रोज तांब्या लवंडतोस," त्या म्हणाल्या. "मी रोज पुसते नि म्हंते, पोरांनी लवंडला. परवा धाकटी नात बाजूला उभी होती, तिला पाडलीस. ती रडली तवा तुला कललं."

"आक्का, गप र्‍हा."

"इतके दिस गप र्‍हायली. डोक्याला हात लावायचा न्हाय म्हनत मीच पुढं होते. आता मीच सांगते. कापू दे त्यांना."

मग केसरीनाथ बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज माझ्या वाटीत घुमला, कारण त्यांनी तोंड तिथून वळवलेच नव्हते.

"मरनाची भीती न्हाय मना. पयल्या वर्सी होती, आता न्हाय. पन हे खरं निघालं, तर मागल्या हंगामात दिलेले सगले निकाल खोटे. कोन कोन घरी गेला असल माज्या बोटावर. ऑपरेशन केलं म्हंजे सगल्या गावाला सांगितलं, का अंपायर आंधला होता."

"नाही केलं तर पुढच्या हंगामात पण देणार ना निकाल?" भाविक म्हणाला.

केसरीनाथांनी शर्टाच्या बाहीने हनुवटीची पट्टी पुसली. ती का पुसली हे मी सांगणार नाही.

"लाव परत," ते म्हणाले.

भाविकने पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता. मधले दिवे त्यांनी टिपले. मग मी काठाकडे गेलो. टिक केले, दिवा लावला, बटण गप्प. आणखी ठळक लावला, गप्प. माझ्याकडचा सर्वांत प्रखर दिवा लावला, तरीही गप्प. पलीकडे आक्का चुकचुकल्या, कारण त्यांना तो दिवा बाजूने उभे राहूनसुद्धा दिसत होता. एखाद्या सामन्यात कठीण निकाल देताना केसरीनाथ कसे उभे राहत असतील, ते मी त्या दिवशी पाहिले. ते जरासुद्धा हलले नाहीत. न दिसलेल्या एकाही दिव्याला त्यांनी हो म्हटले नाही.

कागद निघाला. उजव्या डोळ्याची उजवी बाजू आणि डाव्या डोळ्याची डावी बाजू काळी होती. मॅडम आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि तिथेच उभ्या उभ्या मुंबईला फोन लावला.

शस्त्रक्रिया मी पाहिली नाही. नंतर जे ऐकले ते सांगतो. नाकातून बारीक दुर्बीण घालून सर्जननी गाठीला छेद दिला आणि आतले घट्ट पाणी काढून टाकले. गाठीची सगळी साल त्यांनी ओरबाडली नाही, कारण ती ग्रंथीला चिकटलेली होती. त्यानंतर काही दिवस केसरीनाथांना विलक्षण तहान लागत होती. जेवढे पाणी पीत तेवढेच बाहेर जाई. ग्रंथी दुखावली की असे होते, आणि मॅडम सुरुवातीला ज्या धोक्याबद्दल बोलल्या होत्या तो हाच. औषधाने ते पुढे थांबले. सगळ्यांचे थांबतेच असे नाही. नाक शिंकरायचे नाही, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, असा हुकूम होता, आणि आक्कांनी तो पोलिसासारखा पाळून घेतला.

ते पुन्हा माझ्यासमोर आले तेव्हा अंगाने रोडावले होते. हातात पाण्याची बाटली सवयीने होतीच. मी दिवे लावायला लागलो. उजवा काठ, बटण. वरचा कोपरा, बटण. मधेच नुसता टिक केला, बटण गप्प. उजव्या डोळ्याचा नकाशा जवळजवळ पांढरा निघाला. डाव्याच्या वरच्या कोपऱ्यात मात्र थोडी करडी झाक राहिली.

"ही जाईल?" दीपेशने विचारले.

"जाईल किंवा राहील. फार दिवस दाबलेली नस होती," मॅडम म्हणाल्या. "आधी आला असतात तर कदाचित राहिली नसती. आणि पाणी पुन्हा साठू शकतं. म्हणजे परत दर सहा महिन्यांनी."

"परत थांबायचं?"

"परत लक्ष ठेवायचं."

केसरीनाथ यावर हसले. निम्म्या हंगामात संघाबाहेर बसवलेला खेळाडू हसतो तसे. पुढे एकदा भाविकने एक बातमी आणली. केसरीनाथांनी अंपायरची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली होती आणि आता ते मंडपात बसून माईकवरून सामन्याचे वर्णन करत होते. पहिल्याच रविवारी त्यांनी माईकवर सांगितले, "मंडली, मागल्या हंगामात खारबावला भाविकचा रनआउट मी दिला, तो रनआउट न्हवता. मना बाजूचं दिसत न्हवतं. आनखी कोनाचा चुकला असल तर येऊन सांगा, चहा पाजतो." त्या दिवशी मंडपात चहा पिणाऱ्यांची रांग लागली, आणि त्यातले निम्मे खरोखरच आउट होते, असे भाविक म्हणाला. टोपी परत घे म्हणून गावाने आग्रह केला, पण त्यांनी घेतली नाही. मला ते वाईट वाटले. पण तो त्यांचा निकाल होता.

मित्रांनो, आता थोडे माझ्याबद्दल. गेल्या वर्षी मॅडमनी नवे यंत्र घेतले. ते कमी वेळात नकाशा काढते आणि त्याच्या पोटात टिक होत नाही. मला भिंतीकडे सरकवले. माझ्या वाटीत काही दिवस पेनांचे खोके ठेवलेले होते. कापड कधी घालत, कधी विसरत, आणि खालच्या लूमचा कापसाचा कीस कुठूनही आत शिरतो. मी तक्रार करत नाही. काम संपले की धूळ बसणारच. पण काम संपलेले नव्हते. आतल्या बाजूच्या एका गावात धर्मादाय दवाखाना निघाला आहे, तिथे नजरेची कड मोजायला काहीच नाही. मॅडमनी मला तिकडे द्यायचे ठरवले आहे. उद्या टेम्पो येईल.

जाण्याआधी दोन गोष्टी सांगतो. पहिली तुमच्यासाठी. तुमच्या घरात कोणाला अशी निरुपद्रवी गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले की कापायचे नाही, नुसते पाहत राहायचे, तर घाबरून कापायची घाई करू नका. पण पाहत राहायचे म्हणजे खरोखर पाहत राहायचे. ठरल्या दिवशी या, आणि जे दिसत नाही तेही आम्हाला दिसू द्या.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी. मला जे चालवतील त्यांनी माझ्या वाटीतला कीस मऊ कापडाने काढावा आणि वर्षातून एकदा माझा दिवा मोजून घ्यावा. तो हळूहळू मंद होतो, आणि मला ते आपले आपण कळत नाही. माझाच उजेड कमी झाला, तर मी एखाद्या चांगल्या डोळ्याच्या माणसाला आंधळा ठरवीन, आणि तो बिचारा माझ्यावर विश्वास ठेवील.